पाकीट नको, पावती दे

"मावशी, क्लब मला दर रविवारचे पंचवीस पाउंड देणार म्हणतोय. कागदावर 'खर्च' असं लिहितील. घेऊ ना?"

भाचा पुण्याचा. इथे इंग्लंडात पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. विद्यापीठाच्या सब-अ‍ॅक्वा, म्हणजे डायव्हिंगच्या, क्लबात शिकता शिकता गेल्या वर्षी असिस्टंट इन्स्ट्रक्टर झाला. आता रविवारी दुसऱ्या मोठ्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली नवशिक्यांना पाण्यात उतरवतो.

"पंचवीस कशाचे?" मी विचारलं.

"जाण्यायेण्याचे वगैरे."

"जातोस कसा?"

"क्लबातल्या एकाच्या गाडीतून."

"पेट्रोल कोण भरतं?"

"तोच."

"मग तुझा खर्च किती झाला?"

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाला, "सकाळी एक अंड्याचा रोल खाल्ला होता."

मी बर्मिंगहॅमजवळच्या एका डायव्हिंग क्लबात हौशी प्रशिक्षक आहे आणि गेली काही वर्षं खजिनदारही. त्यामुळे हा संवाद मी वेगवेगळ्या माणसांशी, वेगवेगळ्या भाषांत अनेकदा केला आहे. पंचवीस पाउंड ही काही मोठी रक्कम नाही. पण त्या पंचविसांतले खरे खर्चाचे किती आणि उरलेले कसले, यावर बऱ्याच गोष्टी ठरतात. आपला माणूस इथे हमखास फसतो, कारण आपल्याकडे एक गोड शब्द आहे: मानधन. व्याख्यान झालं, शाल-श्रीफळ झालं, की निघताना हातात पाकीट. देणाऱ्याला वाटतं मान राखला, घेणाऱ्याला वाटतं हा काही पगार नव्हे. ब्रिटनच्या कायद्यात मात्र खर्चाची भरपाई आणि मोबदला असे दोनच कप्पे आहेत. मानधन सरळ दुसऱ्या कप्प्यात पडतं.

आधी या क्लबांची रीत सांगते. आपल्याकडे मालवण-तारकर्लीला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ जो मुलगा तुमचा हात धरून पाण्याखाली नेतो, त्याचा तो पोटापाण्याचा धंदा आहे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे, तिथून शिकून मुलं नोकरीला लागतात. तिथे 'खर्च मागू का' हा प्रश्नच येत नाही, ठरलेले पैसे मिळतात. ब्रिटनमध्येही पैसे घेऊन शिकवणारी केंद्रं आहेत. पण त्यांच्या जोडीला १९५३ साली लंडनमध्ये स्थापन झालेला ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब आहे. बोलताना सगळे त्याला 'बीसॅक' म्हणतात. त्याच्या शाखा देशभर आहेत आणि शाखेत शिकवणारा माणूस आठवडाभर दुसरीकडे नोकरी करतो. कोणी नर्स, कोणी प्लंबर, कोणी माझ्यासारखी सॉफ्टवेअरवाली. संध्याकाळी तरणतलावात आणि शनिवार-रविवारी एखाद्या पाणी भरलेल्या जुन्या दगडाच्या खाणीत हे लोक फुकट शिकवतात.

फुकट म्हणजे वेळ फुकट. खाणीच्या दारावरचं प्रवेश शुल्क, टाकीत हवा भरायचे पैसे, पेट्रोल, पार्किंग हे काही फुकट नसतं. हे सगळं प्रशिक्षकानेच खिशातून भरायचं ठरलं, तर वर्षभरात तो कंटाळून घरी बसतो. म्हणून खर्च मागणं यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या क्लबात दोन-तीन सज्जन असे आहेत की कधीच काही मागत नाहीत. त्यांचं कौतुक होतं, पण मला ते खजिनदार म्हणून अडचणीचे वाटतात. त्यांच्यामुळे क्लबाला शिकवण्याचा खरा खर्च कळत नाही, आणि ज्याला परवडत नाही तो तरुण प्रशिक्षक मागायला कचरतो.

आता पंचवीस पाउंडांकडे येऊ.

कामावरची बुडी

ब्रिटनमध्ये 'डायव्हिंग अ‍ॅट वर्क रेग्युलेशन्स १९९७' नावाचे नियम आहेत. ते राबवते हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे एचएसई. मुळात हे नियम तेलविहिरींवर, बंदरात, धरणांवर पाण्याखाली काम करणाऱ्यांच्या जिवासाठी आहेत. पण त्यांच्याखाली पाच वेगवेगळ्या आचारसंहिता आहेत आणि त्यातली एक मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगची आहे. पैसे घेऊन शिकवणारा प्रशिक्षक पाण्यात उतरला की तो 'कामावर' असतो, म्हणून.

हे नियम कोणाला लागू होतात? पाण्यात उतरणाऱ्यांपैकी निदान एक जण जरी कामावर असेल, तरी त्या बुडीला. सगळे नकोत, एक पुरतो. मग त्या बुडीची कायदेशीर जबाबदारी घेणारा कंत्राटदार हवा, लेखी आराखडा हवा, लेखी नेमलेला पर्यवेक्षक हवा, नोंदवह्या हव्यात. कामावरच्या डायव्हरकडे एचएसईने मान्यता दिलेल्या डॉक्टरचं प्रकृतीचं प्रमाणपत्र हवं, तेही जास्तीत जास्त बारा महिन्यांचं. हौशी क्लबाचा प्रशिक्षक यातून बाहेर राहतो तो एकाच आधारावर: तो नोकर नाही, धंदाही करत नाही, त्याला कोणी मोबदला देत नाही. त्याच्या खिशातून गेलेले पैसे त्याला परत मिळाले, तर तो मोबदला नव्हे.

म्हणजे बघा, भाच्याच्या क्लबातल्या कोणीतरी भल्या मनाने पंचवीस पाउंड ठरवले. त्यातला खरा खर्च रोलचा, समजा पाच पाउंड. उरलेले वीस कशाचे? शिकवल्याचे. आणि दर रविवारी ठरलेले, म्हणजे चुकून दिलेलेही नव्हेत. उद्या देव न करो, पाण्याखाली एखाद्या विद्यार्थ्याला काही झालं, चौकशी बसली आणि कोणी क्लबाची खातेवही उघडली, तर पहिला प्रश्न हाच येणार की हा मुलगा कामावर होता का? होता असं ठरलं तर आराखडा कुठे, पर्यवेक्षकाचं नेमणूकपत्र कुठे, डॉक्टरचं प्रमाणपत्र कुठे? यातलं काहीच नसतं. क्लबातले लोक निष्काळजी असतात म्हणून नव्हे, तर आपण काम करतोय हे त्यांच्या गावीही नसतं म्हणून. विमा हौशी सदस्याचा, आणि माणूस ठरला धंदेवाईक, की विमा कंपनी काय म्हणेल याचा अंदाज तुम्हीच करा.

रोख न देताही मोबदला देता येतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. "तू शिकव, आम्ही तुला लाल समुद्राची सहल फुकट घडवू," हा त्यातलाच प्रकार. "पुढच्या वर्षी केंद्रात नोकरी देतो, यंदा फुकट शिकव," हाही. सरकारची स्वयंसेवकांसाठीची सूचनाच सांगते की खर्चाखेरीज काही बक्षीस, वस्तुरूपातला फायदा किंवा पुढच्या पगारी कामाचं वचन मिळालं, तर तुम्ही स्वयंसेवक न राहता कामगार ठरू शकता. मग किमान वेतनाचा कायदाही दारात येतो आणि बिचाऱ्या क्लबाचं दिवाळं निघतं.

मग विद्यार्थ्याने नाताळात चॉकलेटचा डबा दिला तर? घ्या. मी घेते. आधी ठरलेला नसतो, हक्काने मागता येत नाही, आणि तेवढ्यासाठी थंडीत चार-पाच अंश सेल्सियसच्या पाण्यात कोणी उतरत नाही.

मैलाचे पंचेचाळीस पेन्स

करखातं, म्हणजे एचएमआरसी, हा त्यामानाने सरळ माणूस. त्याचं म्हणणं एवढंच: जेवढा खर्च झाला तेवढा परत मिळाला, तर ते उत्पन्न नव्हे, त्यावर कर नाही. जास्त मिळालं तर वरच्या रकमेचा हिशेब द्यावा लागेल.

गाडीच्या बाबतीत पेट्रोलची नेमकी रक्कम काढणं कटकटीचं असतं, कारण टायर झिजतात, सर्व्हिसिंग लागतं. म्हणून खात्याने मैलाचा दर ठरवून दिला आहे: आपली गाडी किंवा व्हॅन असेल तर वर्षातल्या पहिल्या १०,००० मैलांना मैलामागे ४५ पेन्स आणि त्यापुढे २५ पेन्स. मोटारसायकलला २४, सायकलला २०. टाक्या, शिसाचे पट्टे आणि ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरणारा पोशाख, घेऊन सायकलवर जाणारा प्रशिक्षक मी अजून पाहिलेला नाही, पण दर आहे. हा ४५चा आकडा २०११ साली ४० वरून वाढला आणि २०२५पर्यंत तिथेच बसून होता. पेट्रोल कुठे गेलं ते विचारू नका.

हा दर कमाल आहे, हक्क नव्हे. क्लबाची तिजोरी हलकी असेल तर क्लब ३० पेन्स देईल, नाहीतर काहीच देणार नाही. नोकरदाराला मालकाने कमी दर दिला तर उरलेल्या फरकावर करसवलत मागता येते. स्वयंसेवकाला तसं करता येत नाही. ज्या कामाचा पगारच नाही, त्यातून वजावट कशातून करणार?

एक दिवस उलगडून दाखवते. लेस्टरशायरमध्ये स्टोनी स्टॅन्टन गावाजवळ स्टोनी कोव्ह नावाची जुनी ग्रॅनाइटची खाण आहे, आता पाण्याने भरलेली. सहा-सात मीटरवर एक टप्पा, वीसच्या आसपास दुसरा आणि तळ पस्तीसच्या पुढे, म्हणजे शिकवायला पायऱ्याच करून ठेवल्यासारखं. दुसऱ्या टप्प्यावर मुद्दाम बुडवलेली स्टेनगार्थ नावाची बोटही आहे. समजा माझं घर ते खाण, जाऊन-येऊन ६४ मैल. ६४ गुणिले ४५ पेन्स, झाले २८ पाउंड ८० पेन्स. खाणीचं प्रवेश शुल्क, हवा भरण्याची पावती, दुपारचं साधं जेवण हे जे असेल ते, पावतीसकट. दोन सहकारी माझ्याच गाडीत आले असतील तर मैल फक्त माझे. तिघांनी तीनदा मागायचे नाहीत. आणि परत येताना मी वाट वाकडी करून लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडला कोथिंबीर-कढीपत्ता घ्यायला गेले, तर ते वरचे मैल कढीपत्त्याच्या नावावर, क्लबाच्या नाही.

हे मी पहिल्या दिवसापासून जाणत होते असं समजू नका. माझा पहिला अर्ज एका ओळीचा होता: "रविवार, खाण, ४० पाउंड." तेव्हाचे आमचे खजिनदार निवृत्त हिशेबनीस होते. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला, चाळिसाभोवती पेन्सिलने गोल काढला आणि शांतपणे विचारलं, "हे चाळीस तू मोजलेस की तुला वाटले?" मी म्हटलं, दर वेळी साधारण एवढेच होतात. ते म्हणाले, "साधारण हा पगार असतो. खर्च कधी साधारण नसतो." घरी येऊन मोजले तर ४३ पाउंड झाले होते. म्हणजे तीन पाउंड माझेच बुडत होते आणि वर संशय माझ्यावरच.

ठोक रकमेची गोम हीच आहे. ती कमी असली तरी तिच्यामागे मोजणी नसते, आणि मोजणी नसली की ती मोबदल्यासारखी दिसू लागते. म्हणून आमच्याकडे आता अर्जावर तारीख, ठिकाण, कोणत्या विद्यार्थ्याचा कोणता धडा आणि मैल लिहावेच लागतात. पावत्या भिजून येतात, ही या खेळातली खास अडचण. मी त्या रेडिएटरवर वाळवते. दुकानाच्या पावत्यांची शाई उष्णतेने काळी पडते, हे कळायला मला दोन पावत्या गमवाव्या लागल्या. आता खाणीवरच मोबाइलने फोटो काढायचा, हा नियम.

वाद होतात ते इथे

मैल आणि प्रवेश शुल्क यावर कधी भांडण होत नाही. भांडण होतं सामानावर.

रेग्युलेटरची, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणाऱ्या यंत्राची, वार्षिक दुरुस्ती क्लबाने द्यावी का? प्रशिक्षक म्हणतो, मी शिकवण्यासाठीच तर वापरतो. खरं आहे, पण तोच रेग्युलेटर घेऊन तो ऑगस्टमध्ये स्कॉटलंडला स्कापा फ्लोची बुडालेली जर्मन जहाजं बघायला जातो. ब्रिटनमध्ये डायव्हिंगच्या टाक्यांची दर अडीच वर्षांनी आतून-बाहेरून तपासणी आणि दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी करावी लागते. टाकी खाजगी असेल तर तो खर्चही असाच दोन्हीकडचा. माझं मत असं की खाजगी सामानाला क्लबाने हातच लावू नये. त्यापेक्षा शिकवण्यासाठी क्लबाचाच एखादा संच ठेवावा आणि त्याची दुरुस्ती क्लबाने करावी. काही क्लब बुड्या मोजून प्रमाण काढतात, वर्षाच्या पन्नासांतल्या तीस शिकवण्याच्या, तर दुरुस्तीचे साठ टक्के क्लबाचे. हिशेबाला ते योग्यच आहे. पण दर वर्षी लॉगबुकं तपासत बसणारा खजिनदार व्हायची माझी इच्छा नाही.

नव्या ड्रायसूटबद्दल तर विचारूच नका. तो अंगावर बेतलेला असतो, दुसऱ्याला होत नाही, म्हणजे तो तुमचा. क्लबाने त्याचे पैसे दिले तर ती भेट झाली, भरपाई नव्हे. पाण्याखाली लिहायची पाटी, दोरीचं रीळ, खुणेचा फुगा असं शिकवण्याचं साहित्य मात्र क्लबाने खुशाल द्यावं.

सहलींचंही तसंच. क्लब आठवडाभर इजिप्तला गेला. सहा दिवस मजेच्या बुड्या, एका सकाळी दोन जणांचा धडा घेतला. त्या एका सकाळीसाठी विमानाचं तिकीट मागायला आलेला माणूस मला भेटला आहे, आणि तो गंमत करत नव्हता. उलट क्लबानेच एखाद्याला केवळ शिकवायला प्लिमथला पाठवलं, बोटीवर त्याची जागा प्रशिक्षकाची होती, तर बोटीचे पैसे आणि रात्रीचा मुक्काम हे पूर्णपणे खर्चात बसतं. विचारायचं एवढंच: शिकवायचं नसतं तर हा माणूस इथे आला असता का?

पुष्कळ शाखांत अशी रीत आहे की प्रशिक्षकाचं प्रवेश शुल्क आणि बोटीतली जागा विद्यार्थी आपापसात वाटून घेतात. रीत चांगली आहे, फक्त पैसे क्लबामार्फत फिरू द्यावेत. विद्यार्थ्याने प्रशिक्षकाच्या हातात नोटा कोंबल्या की ते बाहेरून फीसारखं दिसतं. शिवाय तीन विद्यार्थ्यांनी दहा-दहा दिले आणि शुल्क बावीसच होतं, तर वरच्या आठांचं काय झालं हे कोणी विचारत नाही.

एका दिवसाची रजा टाकून शिकवलं, तर बुडालेला पगार खर्चात येत नाही. वेळ कधीच येत नाही. मुलांना सांभाळायला माणूस ठेवावा लागला, तर तो खर्च मात्र क्लबाचं धोरण असेल तर देता येतो, आणि बायका प्रशिक्षक व्हाव्यात असं वाटणाऱ्या क्लबांनी तो द्यावाच. आणखी एक, आपल्या गाडीच्या विमा कंपनीला सांगून ठेवा की स्वयंसेवी कामासाठी गाडी नेते आणि मैलांचे पैसे मिळतात. एका फोनचं काम.

मागा आणि परत द्या

ज्यांना पैसे घ्यायचेच नसतात, त्यांच्यासाठी एक नामी वाट आहे. तुमचा क्लब नोंदणीकृत धर्मादाय संस्था असेल, किंवा करखात्याच्या यादीत 'कम्युनिटी अमॅच्युअर स्पोर्ट्‌स क्लब' म्हणून असेल, तर त्याला देणग्यांवर 'गिफ्ट एड' मिळतं. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्याने एक पाउंड देणगी दिली तर क्लब सरकारकडून आणखी २५ पेन्स मागू शकतो.

मग तुमचे ४३ पाउंड खर्च झाले असतील तर अर्ज करा, पैसे खात्यात येऊ द्या, आणि मग तेच ४३ देणगी म्हणून परत पाठवा, गिफ्ट एडचा अर्ज भरून. क्लबाला वर १० पाउंड ७५ पेन्स मिळतात. "राहू दे, मला नकोत" असं नुसतं म्हटलं तर ते १० पाउंड ७५ पेन्स जातात, कारण न घेतलेले पैसे ही देणगी धरत नाहीत. रक्कम खरोखर जायला-यायला लागते. आमच्या त्या सज्जनांपैकी एकाला हे पटलं, दुसरा अजून म्हणतो की हा आपल्याच खिशातून आपल्याच खिशात पैसे टाकण्याचा उद्योग आहे. सदस्यत्वाच्या वर्गणीवर मात्र अशा क्रीडा क्लबांना गिफ्ट एड मिळत नाही, त्यामुळे तिथे हुशारी करू नये.

भाच्याचा व्हिसा

एवढं सगळं भाच्याला फोनवर सांगून झालं, तरी तो "वीस पाउंडांनी काय होतंय" याच सुरात होता. मग मी व्हिसा काढला.

विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पदवी आणि पुढच्या अभ्यासक्रमांना आठवड्याला वीस तास काम करता येतं, हे प्रत्येकाला पाठ असतं. व्हिसाच्या अटींत पुढे असंही असतं की स्वतःचा धंदा करता येणार नाही आणि व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करता येणार नाही. या 'खेळाडू'त प्रशिक्षकही येतो. म्हणजे तास कितीही कमी असोत, पैसे घेऊन खेळ शिकवणं हेच वर्ज्य. हौस म्हणून क्लबात फुकट शिकवणं आणि खरा खर्च परत घेणं वेगळं. पण दर रविवारचे ठरलेले पंचवीस, बँकेच्या खात्यात, क्लबाच्या नावासकट? ते कोणाला समजावून सांगणार?

"मग काय करू?"

"क्लबाच्या खजिनदाराला लिही की ठोक रक्कम नको, अर्जाचा नमुना दे. आणि जे झालं तेवढंच माग."

दोन आठवड्यांनी त्याने मला पहिला अर्ज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तपासायला. त्या रविवारी गाडीवाला मित्र आजारी होता, म्हणून बस. परतीचं तिकीट, खाणीचं शुल्क, हवा, आणि कॅन्टीनची पावती, कडा भिजून फुगलेली. त्यावर एक रोल आणि दोन चहा.

"दुसरा चहा कोणाचा?"

"विद्यार्थिनीचा. थंडीने कुडकुडत होती गं मावशी."

"चांगलं केलंस. तो तुझ्याकडून. काढ त्यातून."

सुधारलेला अर्ज पाच मिनिटांत आला, १ पाउंड ८० पेन्सने कमी.